पाचवा मागं राहतो

गॅसचा नॉब मी तीनदा बघते. ओट्यापासून निघताना एकदा, चपला घालताना एकदा, आणि आई "अगं बाई, मीच बंद केला" म्हणाली की तिच्यावर विश्वास नाही म्हणून तिसऱ्यांदा. लहानपणापासून हे असंच. ज्या मुलीला घरच्या नॉबचा भरवसा नाही, तिला सलाईनच्या सेटांवर नजर ठेवणाऱ्या मशीनचं काम मिळालं तेव्हा वडील म्हणाले, "बरोबर माणूस धरलंय राव त्यांनी. सोता झोपायची न्हाई आन् दुसऱ्याला झोपू द्यायची न्हाई."

आमचं घर पिंपरी पेंढारला. वडिलांचं मोटारी भरायचं दुकान आहे, म्हणजे विहिरीवरच्या जळलेल्या मोटारींत नवी तार गुंडाळून देतात. माझी कंपनी आळेफाट्याच्या अलीकडे, हायवेपासून जरा आत. कंपनीची बस डिंगोऱ्याहून सुटते, ओतूर करत आमच्या स्टॉपवर येते. मी तिथे ऑटोमेशन इंजिनिअर आहे. गावात लोक "मशीन रिपेर करती" म्हणतात, आणि मी आता ते दुरुस्त करायचं सोडून दिलंय. खरं तर मी मशीनला शिकवते. कधी कुठला हात हलवायचा, कधी थांबायचं, कधी बोंब मारायची.

सलाईनची बाटली टांगली की तिच्या खाली एक पारदर्शक कुपी असते, थेंब पडताना दिसतो ती. तिच्या तळाला बारीक जाळी असते. बाटलीतून एखादा कण आलाच तर तो जाळीत अडकावा, माणसाच्या शिरेत जाऊ नये. आमचं मशीन कुप्यांत जाळ्या बसवतं, मग कॅमेरा बघतो की जाळी आहे का. कुप्या एकेका खाचेत बसून पुढे सरकतात; जाळी नसेल तर दोन खाचा पुढे एक दांडा आहे, तो ती कुपी लाल डब्यात ढकलतो. चांगली कुपी हिरव्या ट्रेमध्ये जाते. मधल्या दोन खाचांपुरती मशीनला आठवण ठेवावी लागते, की मागून येणाऱ्यांत कोण चांगलं आणि कोण वाईट. ती आठवण मी लिहिलेली. तेवढाच माझा मोठेपणा.

रोज सकाळी शिफ्ट सुरू करताना मशीनची परीक्षा घ्यायची असते. आमच्याकडे मुद्दाम बनवलेल्या पाच खराब कुप्या एका डबीत ठेवलेल्या, एक ते पाच नंबरच्या कप्प्यांत, प्रत्येकीवर लाल ठिपका. त्या पाच आधी घालायच्या आणि शेवटी एक चांगली. मशीनने पाच ओळखल्या, एक सोडली, की पडद्यावर हिरवा चौकोन येतो आणि काम सुरू. कागदावर हा क्रम स्वच्छ लिहिलेला होता. मीच लिहिला होता.

मशीनवर डिंगोऱ्याच्या एक ताई असायच्या. पन्नाशीच्या जवळ आलेल्या, आधी नारायणगावला टोमॅटो निवडायला जायच्या. त्यांचा हात बघत राहावा असा. बोलता बोलता क्रेटमधला किडका टोमॅटो न बघता बाहेर काढणाऱ्या बाया असतात ना, त्यातल्या. त्या मला म्याडम म्हणायच्या, मी कितीदा नको म्हटलं तरी. बसमध्ये माझ्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवायच्या, कारण मला गाडी लागते हे त्यांनी पहिल्या आठवड्यातच ओळखलं होतं.

तर झालं असं. ताई भाच्याच्या लग्नासाठी तीन दिवस सुट्टीवर गेल्या. मशीनवर आण्याहून येणारी दुसरी एक बाई होती, ताईंनीच शिकवून तयार केलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला ती माझ्या टेबलापाशी आली आणि नुसती उभी राहिली. डोळे लाल. हातात ती डबी. म्हणाली, "म्याडम, चारच हायेत. पाच नंबर गावत न्हाई. सकाळपासून मशीनखाली शोधतेय."

खराब कुपी जमिनीवर पडली असेल तर प्रश्न नाही. लाल डब्यात असेल तर प्रश्न नाही. मी दोन्हीकडे बघितलं, कोपरे हाताने चाचपले, कचऱ्याची पिशवी टेबलावर ओतली. नाही. मग एकच जागा उरली. हिरवा ट्रे. आणि कालचा हिरवा ट्रे पुढच्या टेबलावर गेला होता, तिथे कुप्यांना नळ्या लागल्या होत्या, पाकिटं बंद झाली होती, खोकी भरली होती, आणि ती चौदा खोकी घेऊन टेम्पो नऊ वाजता निर्जंतुक करायच्या कारखान्याकडे निघून गेला होता. तिथे आमची खोकी इतरांच्या मालात मिसळली की पुढे कुठलं खोकं कुठल्या गावी, कुठल्या दवाखान्यात जाणार, ते शोधता शोधता दिवस गेले असते. जाळी नसलेली एक कुपी. कुणाच्या तरी खाटेवर टांगलेली.

"लाल ठिपका आहे ना तिच्यावर?" मी ओरडलेच. "पॅकिंगच्या बायांना दिसला नाही?"

"ठिपका कवाच गेलाय म्याडम. रोज स्पिरिटनं पुसतो ना."

हे मलाही माहीत होतं. ठिपके फिके पडलेत, नवे करायला हवेत, हे माझ्या वहीत लिहिलेलं होतं. नॉब तीनदा बघणारी मी, आणि ठिपके मात्र पुढच्या सोमवारी.

क्वालिटीच्या साहेबांना सांगितलं. ते एरवी जोरात बोलणारे, पण तेव्हा फक्त गाडीची किल्ली उचलली. टेम्पोवाल्याचा फोन वाजत होता, उचलत नव्हता. नारायणगाव गेलं, कळंब गेलं. साहेब गाडी चालवत होते आणि मी दर दोन मिनिटांनी फोन लावत होते. साहेब एकदाच बोलले: "कुठे माशी शिंकली, ते आज मला कळलं पाहिजे." मी हो म्हणाले. मंचरच्या अलीकडे टेम्पो एका हॉटेलसमोर उभा दिसला. ड्रायव्हर मिसळ खात होता, फोन चार्जिंगला गाडीत. मला रडू आलं. तो घाबरून म्हणाला, "काय झालं ओ? कोन गेलं का?"

"कुणी नाही," मी म्हणाले. "मागे फिरा."

परत येताना मी ताईंना फोन लावला. एकच विचारायचं होतं, पाच नंबरची कुपी अशी कधी हरवली होती का. लग्न ओतूरला होतं. फोनमध्ये बँड वाजत होता, त्या लांब कुठेतरी जाऊन बोलू लागल्या.

"पाच नंबर? आवो ती तर रोजच हिरव्या ट्रेत येती. मी उचलून घेते की."

"रोज?"

"रोज. पाचवा मागंच राहतो ना. चार लाल डब्यात जात्यात आन् पाचवा मागं राहतो. मी हात घालून काढते आन् डबीत ठेवते. तिला सांगायचं राहिलं जनू."

मी विचारलं, कुप्या घालता कशा, क्रमाने सांगा. त्या लाजल्यासारख्या म्हणाल्या, "पैली चांगली घालते. मंग ह्या पाच."

"कागदावर चांगली शेवटी आहे, ताई!"

"आवो पन सकाळच्या पारी मशीनच्या तोंडात पैला घास खराब कसा घालू? भवानी असती ती. बाजारात बी पैला क्रेट आमी चांगलाच ठेवायचो. भवानीला किडकं ठिवलं की दिस किडका जातो."

सकाळची पहिली विक्री म्हणजे भवानी. ती चांगली झाली की दिवस चांगला, हे आमच्याकडच्या प्रत्येक दुकानदाराला आणि भाजीवालीला माहीत असतं. आमच्या घरात मात्र भवानी-बिवानी नाही. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच असल्या गोष्टी घराबाहेर गेल्या. वडील दुकानात कधी भवानी म्हणाले नाहीत, आणि "कारण काय" हे विचारल्याशिवाय आम्हाला काही करू दिलं नाही. त्यामुळे माझ्या तोंडात चांगलंच झणझणीत उत्तर आलं होतं. पण ते तिथेच अडकलं, कारण तेवढ्यात मला माझा प्रोग्रॅम डोळ्यासमोर दिसला.

मी मशीनला शिकवलं होतं की पाचवी कुपी दांड्यासमोरून गेली की परीक्षा संपली, आता आठवण पुसून टाक, परीक्षेचा हिशेब कामात नको. सहावी मागून येतेच आहे, पण सहावी चांगलीच असणार ना, तिची आठवण ठेवायची कशाला! ताईंनी चांगली पहिली घातली, की त्यांची पाच नंबरची खराब कुपी सहाव्या जागी. कॅमेरा तिला बरोबर ओळखत होता, पडद्यावर पाच आणि एक असा हिरवा चौकोन येत होता. पण दांड्यापाशी पोचेपर्यंत मशीन तिला विसरलेलं असायचं. ती निवांत हिरव्या ट्रेमध्ये. मी एकदाही क्रम बदलून बघितला नव्हता. भवानीला हसणाऱ्या मुलीने सहावी चांगलीच असणार, यावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता.

आणि ताई सहा महिने रोज माझी चूक हाताने उचलून डबीत ठेवत होत्या.

"ताई," मी म्हणाले, "हे कुणाला सांगितलं का नाही?"

बँड थांबला होता बहुतेक. त्यांचा आवाज स्पष्ट आला. "तुमाला सांगितलं व्हतं की म्याडम. बसमदी."

आठवलं मला. आठवायला वेळही लागला नाही, हेच वाईट. उन्हाळ्यातली सकाळ होती, मला मळमळत होतं, कानात हेडफोन. ताई शेजारून म्हणाल्या होत्या, "म्याडम, तो पाचवा मागं राहतो बघा." मी एक कान मोकळा केला, काही ऐकलं, काही नाही, आणि म्हणाले, "चालतंय हो ताई."

चालतंय. आपल्याकडे हा शब्द कुठेही खपतो. मशीन चालतंय. भाजीत मीठ कमी आहे, चालतंय. मला म्हणायचं होतं की आता डोकं खाऊ नका. त्यांनी ऐकलं की इंजिनिअर म्हणते, ते तसंच असतं, चालतंय.

शेजारी साहेब गाडी चालवत होते. त्यांनी विचारलं, "काय म्हणाली?" मी भवानीचं सांगितलं, प्रोग्रॅमचं सांगितलं. बसमधलं सांगितलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा ताई गेटवर आमच्या आधी हजर. काठपदराची हिरवी साडी, केसांत गजरा, भाच्याच्या अंगावर अक्षता पडायच्या आधीच रिक्षा करून आलेल्या. आत जाताना गजरा काढून त्यांनी चपलांच्या रॅकवर ठेवला आणि साडीवर पांढरा झगा चढवला. चौदा खोकी एकेक करून टेबलांवर ओतली. आम्ही नऊ जण एकेक पाकीट उजेडासमोर धरून बघत होतो. आतली जाळी म्हणजे केवढी, करंगळीच्या नखाएवढी. तासाभरात माझे डोळे पाझरायला लागले. प्रत्येक कुपीत जाळी दिसायची आणि प्रत्येक वेळी वाटायचं, नीट बघितली ना? बघितलेलं पाकीट मी परत उचलून बघत होते. साहेब खेकसले, "अहो पुढे सरका!" ताई माझ्या समोर होत्या. त्या धरून बघत नव्हत्याच. पाकीट एका हातातून दुसऱ्या हातात जायचं, तेवढ्यात त्यांचं बघून झालेलं असायचं. मला भीती वाटली की यांच्या हातून निसटेल. तोंडावर आलं होतं, सावकाश बघा म्हणून.

बाराव्या खोक्यात त्यांचा हात थांबला. त्यांनी पाकीट साहेबांपुढे धरलं.

"ही बगा. उघडीच हाय, जाळी न्हाई."

मी खुर्चीत बसले ती बसलेच. आण्याची बाई मोठ्याने रडायला लागली. कुणीतरी पाणी आणलं. आता सुटलो, असं मला पूर्ण मिनिटभर वाटलं.

चार वाजता साहेबांनी आम्हाला दोघींना केबिनमध्ये बोलावलं. फॉर्म समोर होता. ते वाईट माणूस नाहीत, पण कागदावर एक कारण लागतं आणि ते त्यांच्यापुढे आयतं होतं. ऑपरेटरने ठरलेला क्रम मोडला. सहा महिने रोज मोडला. खराब नग चांगल्या ट्रेमध्ये येताना बघितला आणि लपवला. मी मध्येच म्हणाले की प्रोग्रॅममध्येही चूक आहे. ते म्हणाले, "ती तू दुरुस्त करशील. पण हिने सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी दुरुस्त केली असतीस ना?" मग ताईंकडे वळून, "बाई, सरळ सांगा. हे तुम्ही कधी कुणाला बोलला होतात? बोलला असाल तर गोष्ट वेगळी. नसाल तर मला तुम्हाला कामावर ठेवता येणार नाही."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, काही नाही. बसमध्ये मी चढल्यावर बघायच्या, हिला आज खिडकी लागणार का, तसं.

"न्हाई साहेब," त्या म्हणाल्या. "कुनाला न्हाई."

आणि मी गप्प बसले. हे मी इथे लिहिते आहे ते काही मोठेपणासाठी नाही. मी गप्प बसले. जीभ टाळूला चिकटली होती असंही काही नव्हतं, चांगली हलत होती. मला कायम करायचं पत्र त्याच महिन्यात यायचं होतं, आणि माझ्या डोक्यात तेवढं एकच पत्र फडफडत होतं. साहेबांनी ताईंना उद्यापासून येऊ नका, दोन दिवसांत कळवतो, म्हणून सांगितलं.

बसमध्ये त्या माझ्या शेजारी बसल्या. गजरा रॅकवरच राहिला होता. मी म्हणाले, "असं का सांगितलंत?"

"तुमाला अजून कायम व्हायचंय," त्या म्हणाल्या. "मला काय, टोमॅटो निवडायला कवाबी घेत्यात." मग बाहेर बघत: "एवढंच वाटतं म्याडम, रोज मी ते उचलत व्हते, ते मशीनचं काम व्हतं व्हय? मला वाटलं माजंच हाय."

माझा स्टॉप आला तेव्हा मी उतरले.

घरी जेवण गेलं नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. आई म्हणाली पित्त झालंय. वडील दुकान बंद करून आले, हात धुतले, आणि ताटावर बसता बसता म्हणाले, "काय जळलं?" त्यांना सगळं मोटारीसारखंच दिसतं. मी सांगितलं. बसमधल्या "चालतंय"सकट सांगितलं. ते भाकरी मोडत राहिले.

"गिऱ्हाईक मोटार घेऊन येतं," ते म्हणाले, "तवा मी आदी मोटार उघडत न्हाई. तेला इचारतो, कसा आवाज करती, कवापासून. तेला तारंतलं काय कळत न्हाई. पन रोज तिच्यापाशी तोच असतो."

"मला माहितीये," मी चिडून म्हणाले.

"म्हाईत हाय, मंग जेव."

मी जेवले नाही. सकाळी नॉब बघितला की नाही तेही आठवत नाही. साहेब यायच्या आधी केबिनबाहेर उभी राहिले. ते आले तसा फॉर्म मागून घेतला. त्यावर एक रकाना असतो, दोष प्रथम कधी कळला. साहेबांनी त्यात कालची तारीख घातली होती. मी ती खोडली, उन्हाळ्यातली घातली, शेजारी लिहिलं, ऑपरेटरने इंजिनिअरला तोंडी सांगितले, इंजिनिअरने दुर्लक्ष केले. "दुर्लक्ष" दोनदा लिहावं लागलं. साहेबांनी वाचलं. चष्मा काढला.

"काल का नाही बोललीस?"

"घाबरले."

"आणि आज?"

"आजही घाबरलेय सर."

मग ते बोलायला लागले आणि सगळं बोलले. ते सगळं माझ्या वाट्याचंच होतं. कायम करायचं पत्र सहा महिने पुढे गेलं. ताईंना क्रम मोडल्याबद्दल लेखी समज मिळाली, पण कामावर बोलावलं. तो फोन मीच केला. त्या एवढंच म्हणाल्या, "उगं सांगितलंत."

प्रोग्रॅम मी त्याच आठवड्यात बदलला. आता क्रम कसाही असो, शेवटची कुपी दांड्यापुढून गेल्याशिवाय मशीन काही विसरत नाही. खराब कुप्यांवर ठिपक्यांऐवजी लाल कडी आहे, पुसली जात नाही. आणि कागदावरचा क्रम बदलून घेतला: पहिली चांगली, मग पाच खराब. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा मी भवानी म्हणाले नाही. ऑपरेटरच्या सोयीसाठी, म्हणाले.

ताई परत आल्या त्या सकाळी मी मशीनपाशी उभी होते. त्यांनी चांगली कुपी घातली, मग पाच. दांडा पाच वेळा हलला. लाल डब्यात पाच. हिरवा चौकोन. तेवढ्यात त्यांचा हात सवयीने हिरव्या ट्रेमध्ये गेला, चाचपून रिकामा बाहेर आला.

"आता मशीनच उचलतंय, ताई," मी म्हणाले. "तुम्हाला बघायची गरज नाही."

"ते उचलू द्या की. मी आपली बघत जाईन रोज." त्यांनी डबी बंद केली. "चालंल ना म्याडम?"

"चालतंय" ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं. मग त्यांना म्हटलं, परत एकदा घाला, आणि या वेळी कुठे बघता, कसं बघता, ते मला पहिल्यापासून सांगा.